जीन्सचं बटण लागत नाही, तेव्हा चूक कोणाची?

कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम. डोक्यावरून पडणारा पांढरा उजेड, समोर आणि बाजूला आरसे, दाराबाहेर कुणीतरी खोळंबलेलं. नेहमीच्या साइझची जीन्स मांडीपाशीच अडते, पोट आत ओढलं तरी बटण लागत नाही. अशा वेळी "ही जीन्स नीट बेतलेली नाही" असं मनात येणाऱ्या बायका मला फारशा भेटलेल्या नाहीत. "मी सुटलेय" हेच येतं. कापड चुकलं असेल अशी शंकाही येत नाही. शरीर चुकलंय हे मात्र आधीच ठरलेलं असतं.

हे आधीच कुणी ठरवलं? प्रश्न मनाचा वाटतो, पण त्याची बरीचशी उत्तरं मोजूनमापून मिळालेली आहेत. ती प्रत्येकीला माहीत असावीत असं मला कळकळीने वाटतं.

आधी त्या साइझच्या आकड्याकडेच पाहू. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली, एकेकीची ५९. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन या दोघांनी ते काम केलं. हेतू चांगला होता. तयार कपडे अंगाला बसत नव्हते, म्हणून बायकांची शरीरं खरोखर कशी असतात ते पाहायचं होतं. पण गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापं हिशेबातून वगळली गेली. या मापांच्या आधारे १९५८ साली प्रमाण साइझ ठरले आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतले गेले. त्यानंतर आकडा काय लावायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, अशी स्थिती आहे. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावण्याची रीतही रूढ झाली. म्हणून एकाच दिवशी, एकाच शरीराने, तीन दुकानांत तीन वेगळे साइझ निघतात. ज्या आकड्यावरून आपण दिवसभर हिरमुसतो, तो शिवणाऱ्याचा अंदाज असतो. शरीराचं माप वेगळं.

मनातलं शरीर

'बॉडी इमेज' हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. त्याला मानसशास्त्रात पक्कं स्थान मिळालं ते पॉल शिल्डर या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञामुळे. १९३५ साली त्यांनी ही कल्पना मांडली, ती अशी की आपल्या प्रत्येकाच्या मनात आपल्या शरीराचं एक चित्र असतं आणि आपण त्या चित्रात राहतो. आरशात दिसतं ते शरीर आणि मनातलं शरीर ही दोन वेगळी असू शकतात. पंधरा किलो वजन उतरलेली बाई अजूनही दारातून तिरकी होऊन जाते, कारण मनातलं चित्र बदललेलं नसतं. त्याच वजनाच्या, त्याच उंचीच्या दोघींपैकी एक बिनधास्त नाचते आणि दुसरी फोटोत नेहमी कुणाच्या तरी मागे उभी राहते.

हे चित्र डोळ्यांनी जेवढं काढलेलं असतं, तेवढंच ते इतरांच्या बोलण्याने आणि आपल्या सवयींनी काढलेलं असतं. आणि डोळा तरी किती विश्वासाचा? अंधारातून उन्हात आल्यावर डोळे दिपतात, मग दोन मिनिटांत तोच उजेड नेहमीचा वाटू लागतो. शरीरांच्या बाबतीतही डोळा असाच सरावतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना थोडा वेळ अतिशय अरुंद केलेल्या स्त्रीशरीरांची चित्रं दाखवली. त्यानंतर त्यांना 'सर्वसाधारण' वाटणारं शरीर पहिल्यापेक्षा बारीक झालं, 'आकर्षक' वाटणारंही बारीक झालं. कुणी त्यांना बारीक असणं चांगलं असं सांगितलं नव्हतं. फक्त दाखवलं होतं. आता रोज दोन-तीन तास फोन चाळणाऱ्या मुलीच्या डोळ्यांना काय सराव होत असेल, याचा विचार करा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण फिजी बेटांवरचं आहे. तिथे भरलेल्या अंगाला मान होता, अंग धरलंस असं म्हणणं हे कौतुक होतं. १९९५ साली तिथल्या नाड्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी टीव्ही आल्या आल्या शाळकरी मुलींशी बोलून नोंदी केल्या आणि तीन वर्षांनी त्याच वयाच्या मुलींची पुन्हा पाहणी केली. पहिल्या वेळी वजन आटोक्यात ठेवायला उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. १९९८ मध्ये अशा मुली ११ टक्क्यांच्या पुढे होत्या, आणि ७४ टक्के मुलींना आपण कधी ना कधी जाड आहोत असं वाटत होतं. दोन्ही गट साठ-पासष्ट मुलींचे, म्हणजे लहानच होते, आणि त्या वर्षांत तिथे इतरही बदल होत होते. तरीही मला ही पाहणी विसरता येत नाही. तिथल्या मुलींची शरीरं तीन वर्षांत बदलली नव्हती, समोरचा पडदा नवा होता.

मापदंड का सरकतो

ऑस्ट्रियात विलेनडॉर्फ इथे १९०८ मध्ये सापडलेली चुनखडीची एक मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. उंची जेमतेम ११ सेंटीमीटर, वय पंचवीस हजार वर्षांहून अधिक. मोठं पोट, भरघोस स्तन, जाड मांड्या. तिला घडवणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं हे सांगता येणार नाही, पण हिमयुगात इतकी चरबी अंगावर असणं ही दुर्मीळ गोष्ट असावी. सतराव्या शतकातल्या रुबेन्सच्या चित्रांतल्या स्त्रियाही अशाच भरलेल्या, त्वचेवर वळ्या असलेल्या.

जे मिळवायला कठीण, ते सुंदर ठरतं. सौंदर्याच्या मापदंडांचा इतिहास वाचताना हे सूत्र पुन्हा पुन्हा दिसतं. अन्न दुर्मीळ असतं तेव्हा भरलेलं अंग सुंदर ठरतं, अन्न मुबलक झालं की बारीक अंग. युरोपात बहुतेक लोक शेतात राबत होते तोवर गोरी, ऊन न लागलेली त्वचा प्रतिष्ठेची होती. लोक कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कोंडले गेले, तेव्हा १९२० च्या दशकात उन्हात रापलेली त्वचा श्रीमंतीची खूण झाली, कारण रापायला सुट्टी लागते. त्वचा तीच, अर्थ उलटा. हे एकदा लक्षात आलं की मापदंडाला गाठायची धडपड कधीच संपणार नाही हेही लक्षात येतं. बहुतेकींना गाठता आला, तर तो मापदंड उरतच नाही, पुढे सरकतो.

विसाव्या शतकात तर तो धावतच सुटला. १९२० मध्ये सपाट छाती आणि आखूड केस, १९५० मध्ये वाळूच्या घड्याळासारखी कंबर, १९६६ मध्ये ट्विगी या किशोरवयीन मॉडेलचं काटकुळं अंग, १९९० च्या दशकात त्याहून रोडावलेलं. मग २०१० नंतर बारीक कंबर आणि मोठे नितंब, असा आकार जो बहुतेकींना शस्त्रक्रियेशिवाय येणं शक्य नाही. नितंबांत चरबी भरण्याची ही शस्त्रक्रिया इतकी धोक्याची निघाली की २०१७ मध्ये सर्जनांच्याच एका पाहणीत मृत्यूचं प्रमाण ३,००० शस्त्रक्रियांमागे एकपर्यंत असल्याचं पुढे आलं. आणि आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबरोबर बारीकपणा पुन्हा परत येतो आहे. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी तो आकार मिळवायला सुरी सोसली, त्यांनी आता काय करायचं?

काही 'दोष' तर आधी दोष नव्हतेच. मांडीवरच्या खळग्यांचं घ्या. स्त्रियांच्या त्वचेखाली चरबीला बांधून ठेवणारे तंतू बहुतांशी उभे असतात, त्यामुळे मधली चरबी वर फुगते आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते. वयात आलेल्या ८० ते ९० टक्के स्त्रियांना हे असतं, बारीक अंगाच्या स्त्रियांनाही. हा शरीराचा साधा बांधा आहे. पण त्याला 'सेल्युलाइट' हे रोगासारखं फ्रेंच नाव मिळालं, १९६८ मध्ये 'व्होग' या फॅशन मासिकाच्या अमेरिकी अंकाने ते वाचकांपर्यंत नेलं, आणि मग क्रीम, मसाज, पट्टे यांची रांग लागली. काखेतल्या केसांची गोष्टही अशीच. जिलेटने १९१५ साली खास स्त्रियांसाठी पहिला वस्तरा आणला आणि जाहिरातींनी काखेतल्या केसांना लाजिरवाणं ठरवलं. आधी लाज विकायची आणि मग इलाज. केस काढावेत की ठेवावेत हा जिचा तिचा प्रश्न, मी काढणाऱ्यांना नावं ठेवत नाही. पण ती लाज उपजत नव्हती हे माहीत असलेलं बरं.

आकड्यांचं काय करायचं

"अहो, पण तब्येतीचं काय?" हा प्रश्न इथे येतोच, आणि तो टाळण्यासारखा नाही. तब्येतीच्या नावाखाली सगळ्यात जास्त वापरला जाणारा आकडा म्हणजे बीएमआय, वजन भागिले उंचीचा वर्ग. हे सूत्र बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले यांनी १८३२ मध्ये मांडलं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधायचं होतं, कुणाची तब्येत तपासायची नव्हती. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला १९७२ मध्ये अँसेल कीज या संशोधकाने दिलं. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला ते उपयोगी आहे. एका बाईबद्दल ते फार थोडं सांगतं, कारण त्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, चरबी कुठे आहे तेही कळत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत 'जादा वजना'ची सीमा २५ वर आणली गेली, तेव्हा लक्षावधी लोक एका रात्रीत जाड ठरले. वजन काटाभरही हललं नव्हतं.

रक्तातली साखर, रक्तदाब, झोप, जिना चढताना लागणारी धाप, यांची काळजी घ्यायलाच हवी. पण तब्येत आणि रूप ही दोन वेगळी खाती आहेत. ती एकत्र केली की नुकसान तब्येतीचंच होतं. प्रत्येक तक्रारीवर "आधी वजन कमी करा" ऐकावं लागलं, की बायका डॉक्टरकडे जायचंच टाळतात. माझ्या एका मैत्रिणीने गुडघेदुखी दोन वर्षं अशीच अंगावर काढली.

याच कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटात आणखी एक काम केलं होतं, जे डाएट करणाऱ्या प्रत्येकीने वाचायला हवं. युद्धामुळे उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खायला घालावं हे समजून घेण्यासाठी ३६ निरोगी तरुण पुरुष स्वेच्छेने अर्धपोटी राहिले. २४ आठवडे, दिवसाला साधारण १,५७० कॅलरी. आज कित्येक डाएटच्या तक्त्यांत बायकांना याहूनही कमी लिहून दिलेलं असतं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांश घटलं. पण त्याबरोबर ते चिडचिडे झाले, सतत कुडकुडू लागले, दिवसरात्र अन्नाचेच विचार करू लागले. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. बंधन उठल्यावर काहींना खाणं थांबवताच येईना. ही निवडून घेतलेली, धडधाकट, निर्धाराची माणसं होती. तेव्हा डाएट मोडल्यावर रात्री स्वयंपाकघरात उभ्याने खाणाऱ्या बाईने "माझ्यात मनोबलच नाही" असं स्वतःला ऐकवू नये. उपाशी शरीर असंच वागतं, पुरुषाचं असो की स्त्रीचं.

स्त्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वयात येताना मुलीच्या अंगावर चरबी वाढते, कारण पाळी आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं. गरोदरपणात शरीर पुन्हा बदलतं. पाळी थांबताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. म्हणजे शरीर ठरलेल्या क्रमाने बदलत जातं आणि आदर्श मात्र विशीतल्या एका ठरावीक शरीराचा असतो.

स्वेटर आणि स्विमसूट

आता पुन्हा ट्रायल रूममध्ये येऊ, कारण या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग तशाच एका खोलीत झाला होता. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एकेकट्याला आरसा असलेल्या खोलीत नेऊन कुणाला स्वेटर, कुणाला स्विमसूट घालून पाहायला सांगितलं. मग तोच कपडा अंगावर असताना गणितं सोडवायला दिली. स्विमसूटमधल्या मुलींना स्वेटरमधल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलांमध्ये असा फरक पडला नाही. लक्षात घ्या, खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.

तर मग पाहत कोण होतं? त्या मुली स्वतःच. लहानपणापासून इतकी नजर अंगावर पडलेली असते की मुलगी ती नजर स्वतःच्या डोक्यात घेऊन फिरायला लागते. पोट दिसतंय का, बसल्यावर मांड्या पसरतायत का, दंड झाकले आहेत ना. हे काम डोक्याच्या मागच्या बाजूला अखंड चालू राहतं आणि त्याला लक्ष लागतं. ते लक्ष गणितातून जातं, मुलाखतीतल्या उत्तरातून जातं, पोहण्यातून जातं, कुणाच्या मिठीतूनही जातं.

आत्मविश्वासाकडे मी आता असंच पाहते. "मी सुंदर आहे" अशी खात्री पटणं म्हणजे आत्मविश्वास, असं आपल्याला सांगितलं जातं. माझ्या मते लक्ष मोकळं होणं म्हणजे आत्मविश्वास. बैठकीत बोलताना जिला आपल्या हनुवटीची आठवण येत नाही, ती आत्मविश्वासाने बोलते, मग तिची हनुवटी कशीही असो. म्हणूनच "स्वतःच्या शरीरावर प्रेम करा" हा सल्ला मला अपुरा वाटतो. ज्या दिवशी प्रेम वाटत नाही, त्या दिवशी त्याचाही अपराधीपणा येतो. प्रेम नसलं तरी चालतं. शरीराशी सरळ, शांत व्यवहार असला तरी पुष्कळ.

ही सगळी अडचण बाईच्या डोक्यातली आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. देखण्या माणसांना लोक आपोआप चांगल्या स्वभावाची आणि यशस्वी समजतात, हे १९७२ पासून प्रयोगांत दिसत आलं आहे. शेरे, टोमणे, नाकारलेली संधी, हे खरं असतं. स्वतःला कितीही समजावलं तरी बाहेरचं जग त्याने बदलत नाही.

फोनने त्यात भर घातली. सेल्फी हातभर अंतरावरून निघतो. २०१८ च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की साधारण ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक, दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के मोठं दिसतं. ते नाक प्रत्यक्षात कुणालाच दिसत नसतं, आणि तो फोटो दाखवून नाकाची शस्त्रक्रिया मागणारेही असतात. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद त्यांत होती. फ्रान्सने २०१७ पासून आणि नॉर्वेने १ जुलै २०२२ पासून, जाहिरातीत शरीराचा आकार बदललेला असेल तर तसं लिहिणं बंधनकारक केलं. कायदा योग्यच आहे, पण अशा पट्टीमुळे पाहणाऱ्या मुलींना फारसं बरं वाटत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. पट्टी वाचेपर्यंत डोळ्याने चित्र घेतलेलं असतं.

काय उपयोगी पडतं

बघणं कमी करणं, हे पहिलं. २०२३ मध्ये कॅनडात १७ ते २५ वयाच्या तरुणांपैकी काहींना तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणायला सांगितलं. त्यांना आपल्या रूपाबद्दल आणि वजनाबद्दल वाटणारी भावना सुधारली. जे नेहमीसारखेच वापरत राहिले, त्यांची नाही. पूर्ण बंद करायची गरज पडली नव्हती. ज्या अकाउंटनंतर पोट आत ओढावंसं वाटतं ते अनफॉलो करणं, आणि सर्व वयांची, सर्व आकारांची माणसं काहीतरी करताना दिसतील अशी अकाउंट ठेवणं, एवढंही डोळ्याचा सराव बदलायला मदत करतं.

दुसरं, लिहिणं. नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या संशोधक जेसिका ॲलेव्हा यांनी स्त्रियांना आपलं शरीर काय काय करतं यावर थोडं थोडं लिहायला लावलं. दिसण्यावर एक शब्द नाही. जखम भरून येणं, ओझं उचलणं, सूर ओळखणं, रडणं, बाळाला थोपटणं, भूक लागली हे वेळेवर सांगणं. लिहिणाऱ्यांचं शरीराबद्दलचं समाधान वाढलं. मी हे करून पाहिलं. पहिल्या दिवशी चार ओळींत अडकले. शरीराबद्दल बोलायला दिसण्यापलीकडचे शब्द माझ्याकडे नव्हते, हे तेव्हा समजलं.

तिसरी गोष्ट बोलण्याची. "अगं, किती सुटलीस!" "छे, तू कसली जाड, माझे दंड बघ!" मैत्रिणींच्या गप्पांत हे प्रेमाने चालतं, पण ऐकणाऱ्या प्रत्येकीचं मनातलं चित्र त्याने थोडं बिघडतं. "बारीक झालीस, छान दिसतेस" हे कौतुकही जपून करावं. ती आजारी असेल, दुःखात असेल, जेवण टाकत असेल, आणि आपण तिला शाबासकी देत असू. आणि घरात मुलगी असेल तर तिच्यादेखत स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नयेत. तिचं शरीर पुढे बरंचसं तुमच्यासारखंच होणार आहे.

चौथं, कपडे. आजच्या शरीराला बसणारे चार कपडे असू द्या. 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून राखून ठेवलेले कपडे रोज कपाट उघडलं की आपल्याशी बोलतात. ते नजरेआड ठेवा.

हे सगळं नाराजीवर चालतं, आजारावर चालत नाही. दिवसातले तास दोन तास आरशात इतरांना न दिसणारा एखादा दोष शोधण्यात जात असतील, त्यापायी बाहेर पडणं बंद झालं असेल, तर तो 'बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर' हा विकार असू शकतो. त्याचं वर्णन १८९१ मध्येच एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरने केलेलं आहे. साधारण शंभरात दोघांना तो असतो आणि उपचारांनी आटोक्यात येतो. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया केल्याने सहसा येत नाही. जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं, पाळी बंद होणं, थंडी नसताना स्वेटर घालणं, सगळ्यांसाठी रांधून स्वतः न जेवणं, जेवलं म्हणून शिक्षा दिल्यासारखा व्यायाम करणं, ही खाण्याच्या विकाराची लक्षणं असू शकतात. अशी मुलगी बारीकच असेल असं नाही. मनोविकारांत अॅनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने अन्न टाकण्याचा विकार, हा सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांपैकी आहे, म्हणून वाट पाहू नका. तिच्याशी बोलताना वजनाचा विषय काढू नका, जेवणाच्या ताटावर तर नकोच. दुसऱ्या एखाद्या निवांत वेळी शेजारी बसून म्हणा, "हल्ली तू खूप दमलेली दिसतेस, मला काळजी वाटते. आपण दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ या का?" पहिल्यांदा ती बहुतेक नाहीच म्हणेल. आठवड्याने पुन्हा विचारा.